फोन धरायचा कसा? : एका रचनादोषाचा अभ्यास

बाजारातून आणलेली वस्तू नीट चालेनाशी झाली आणि ती घेऊन आपण दुकानात गेलो, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तुम्ही ती वापरली कशी?" मिक्सर असो, सायकल असो वा मनगटी घड्याळ. प्रश्न गैर नाही, कारण पुष्कळदा चूक वापरणाऱ्याची असतेच. पण कधी कधी वस्तू अगदी रीतीने वापरूनही बिघडते, आणि तरीही उत्तर तेच मिळते : तुमचेच चुकले. अशा वेळी ग्राहकाने काय करावे, आणि वस्तू बनवणाऱ्याने काय करायला हवे? विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी आम्ही २०१० सालची एक घटना निवडली आहे. ती अमेरिकेत घडली. तिच्यात भौतिकशास्त्र आहे, थोडे गणित आहे आणि पुष्कळसा मनुष्यस्वभाव आहे.

आधी एक भेद नीट समजून घेऊ. शिंप्याकडे दहा सदरे शिवायला टाकले आणि त्यांतल्या एकाचा टाका उसवला, तर तो त्या एका सदऱ्याचा दोष. तो सदरा बदलून दिला की काम संपले. पण कापड बेततानाच बाही आखूड कापली गेली असेल, तर दहाही सदरे आखूड होणार. टाके कितीही सुबक असोत, बदलून मिळालेला सदराही आखूडच असणार. पहिल्याला निर्मितीतला दोष म्हणतात आणि दुसऱ्याला रचनेतला दोष, म्हणजेच रचनादोष. रचनादोष मान्य करणे कारखानदाराला जड जाते याचे कारण उघड आहे. एक वस्तू बदलून भागत नाही, सगळ्याच वस्तूंचा प्रश्न उभा राहतो.

आता घटनेकडे वळू. ७ जून २०१० रोजी अ‍ॅपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन ४ लोकांसमोर आणला आणि २४ जूनला तो अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी व जपान या देशांत विक्रीला आला. पहिल्या तीन दिवसांत १७ लाख फोन विकले गेले. जाडी अवघी ९.३ मिलिमीटर. इतका सडपातळ फोन करण्यासाठी एक युक्ती योजली होती. फोनच्या कडेने फिरणारी पोलादी पट्टी हीच त्याची अँटेना केली होती. आत जागा अडवणारी अँटेना बाहेर काढली आणि तिच्याकडूनच चौकटीचेही काम करून घेतले. कल्पना खरोखर सुंदर होती. पट्टीचे तुकडे पाडून मध्ये बारीक फटी ठेवल्या होत्या. एक तुकडा बोलण्यासाठीच्या लहरींचा, दुसरा वाय-फाय, ब्लूटूथ आणि जीपीएस यांचा. त्यांतली एक फट फोनच्या डाव्या कडेला, खालच्या बाजूस आली होती.

डाव्या हातात फोन धरून पाहा. तळव्याचा अंगठ्याखालचा मांसल भाग नेमका कुठे टेकतो? त्याच ठिकाणी.

तिथे हात टेकल्यावर काय होते ते समजण्यासाठी तंबोऱ्याची आठवण काढू. तारेची लांबी ठरलेली असते म्हणून तिचा स्वर ठरलेला असतो. तारेवर मध्येच बोट ठेवले तर स्वर बदलतो. अँटेनाचेही असेच आहे. विशिष्ट लांबीच्या लहरी चांगल्या पकडता याव्यात म्हणून तिची लांबी आणि आकार जुळवलेला असतो. आपल्या शरीरात क्षारयुक्त पाणी आहे, त्यामुळे त्वचेतून थोडीफार वीज वाहू शकते. हाताने फट झाकली की पट्टीचे दोन तुकडे जोडल्यासारखे होतात आणि जुळवलेली अँटेना बेसूर होते. याशिवाय आणखी एक परिणाम असतो. हात मध्ये आला की तो स्वतःच काही लहरी शोषून घेतो. हा दुसरा परिणाम जगातल्या प्रत्येक फोनला लागू आहे. पहिला या फोनच्या रचनेमुळे उद्भवला होता. हे दोन परिणाम वेगळे आहेत, हे लक्षात ठेवा. पुढचा सगळा वाद त्यांच्या सरमिसळीतून झाला.

विक्री सुरू झाली त्याच दिवशी तक्रारी आल्या. फोन हातात धरला की रेंजच्या काड्या एकामागून एक गळतात, बोलणे तुटते. टेबलावर ठेवला की काड्या परत येतात. एका ग्राहकाने जॉब्ज यांना थेट ई-पत्र पाठवले. त्यांचे उत्तर आले, त्याचा मथितार्थ एवढाच की तसा धरू नका. पाठोपाठ कंपनीने निवेदन दिले : कोणताही मोबाइल हातात धरला की रेंज थोडी कमी होतेच, तरी खालचा डावा कोपरा झाकू नये किंवा बाजारात मिळणारे एखादे कव्हर वापरावे. हे निवेदन बारकाईने वाचण्यासारखे आहे. त्यातले पहिले वाक्य खरे आहे. परंतु ग्राहक विचारत होते दुसऱ्या परिणामाबद्दल नव्हे, पहिल्याबद्दल. खऱ्या वाक्याने भलत्याच प्रश्नाचे उत्तर दिले, की ऐकणाऱ्याला आपलेच काहीतरी चुकले असे वाटू लागते. आणि गंमत म्हणजे फोनच्या कडेला बसणारी रबरी-प्लास्टिकची पट्टी, जिला बंपर म्हणत, ती अ‍ॅपल स्वतःच २९ डॉलरला विकत होती. दोष एका हाताने आणि औषध दुसऱ्या हाताने, दोन्ही एकाच दुकानात!

यानंतर काही जणांनी वाद बाजूला ठेवून मोजमाप केले, आणि आमच्या मते या गोष्टीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे. संगणक व फोन यांची परीक्षणे प्रसिद्ध करणाऱ्या आनंदटेक या अमेरिकी नियतकालिकाने जूनअखेर निरनिराळे फोन निरनिराळ्या पद्धतींनी धरून लहरींची घट मोजली. घट मोजायचे एकक डेसिबल. दहावीच्या पुढच्या मुलांना हे ठाऊक असेल. बाकीच्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की १० डेसिबलची घट म्हणजे शक्ती दहाव्या हिश्श्यावर येणे, २० ची घट म्हणजे शंभराव्या हिश्श्यावर येणे. नेहमीसारखा हातात धरला तर आयफोन ४ ची घट सुमारे २० डेसिबल निघाली. त्याच कंपनीच्या आधीच्या आयफोन ३जीएसची घट तशीच पकड असताना सुमारे २ डेसिबल होती. घट्ट मुठीत धरल्यावर आकडे अनुक्रमे सुमारे २४ आणि १४ झाले. म्हणजे प्रत्येक फोनची रेंज हाताने घटते हे खरेच. पण साध्या पकडीत एकाची शक्ती शंभराव्या हिश्श्यावर येते आणि दुसऱ्याची निम्म्याहूनही थोडी जास्तच उरते. दोघांना "थोडी कमी होते" या एकाच वाक्यात बसवता येत नाही.

त्याच परीक्षकांना आणखी एक गोष्ट सापडली : अगदी क्षीण रेंजमध्ये हा नवा फोन जुन्यापेक्षा बोलणे अधिक चांगले टिकवून धरत होता. तेही त्यांनी छापले. दोष शोधायला निघालेल्याने गुणही लिहून ठेवावा, हे आम्हांला फार आवडले.

मग सर्वांनाच त्रास का होत नव्हता? कित्येक ग्राहक शपथेवर सांगत होते की आमच्या फोनला काही झालेले नाही. हे कोडे काड्यांच्या हिशेबात दडले होते. रेंजची शक्ती डीबीएम या मापात सांगतात आणि ती उणे संख्येत असते. उणे ५१ म्हणजे उत्तम, उणे ११३ म्हणजे अखेरची घटका. आयफोन ४ वर उणे ५१ पासून उणे ९१ पर्यंत सगळीकडे पाचच्या पाच काड्या दिसत. उरलेल्या चार काड्या उणे ९१ ते उणे ११३ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात कोंबलेल्या होत्या. आता दोन ग्राहक घ्या. पहिल्याच्या घराजवळ टॉवर आहे, त्याची रेंज उणे ६०. त्याने फोन मुठीत धरला, २४ ची घट झाली, रेंज उणे ८४. काड्या पाचच! दुसऱ्याची रेंज उणे ८८. त्यालाही आधी पाचच काड्या दिसत होत्या. २४ वजा झाले की तो उणे ११२ वर, म्हणजे थेट एका काडीवर आला. पहिला म्हणतो काही होत नाही, दुसरा म्हणतो फोन हातात धरताच मरतो. दोघेही खरे बोलत आहेत, दोघांचे फोनही सारखेच आहेत. वेगळा आहे तो टॉवर किती दूर आहे एवढाच भाग. एखाद्याची तक्रार आपल्याला अनुभवास आली नाही म्हणून ती खोटी ठरवण्याआधी हे उदाहरण वहीत उतरवून ठेवावे.

२ जुलैला अ‍ॅपलने पत्र प्रसिद्ध केले. काड्या किती दाखवायच्या याचे सूत्रच चुकले आहे, ते पाहून आम्ही थक्क झालो, पुष्कळदा दोन काड्या जास्त दाखवल्या जातात आणि ही चूक पहिल्या आयफोनपासून आहे, असे त्यात म्हटले होते. १५ जुलैला सुधारित प्रणाली आली आणि काड्या खऱ्या दिसू लागल्या. हेही खरे होते आणि हेही अपुरे होते. तापमापीवरचे आकडे नीट लिहिले म्हणून ताप उतरत नाही. फटीवर हात पडल्यावर होणारी घट जशीच्या तशीच राहिली.

मधल्या काळात, १२ जुलैला, 'कन्झ्युमर रिपोर्ट्‌स' या मासिकाने आपला निकाल दिला. या मासिकाची थोडी ओळख करून द्यायला हवी. ते चालवणारी संस्था १९३६ साली स्थापन झाली. ती जाहिराती घेत नाही आणि तपासायच्या वस्तू सामान्य गिऱ्हाइकाप्रमाणे दुकानातून विकत आणते. कुणाच्या उपकाराखाली नसलेला परीक्षकच निर्भयपणे बोलू शकतो. त्यांनी न्यूयॉर्क परिसरातील वेगवेगळ्या दुकानांतून तीन आयफोन आणले आणि बाहेरच्या लहरी आत येऊ न देणाऱ्या खोलीत तपासले. इतर गुणांत हा फोन स्मार्टफोनांच्या यादीत सर्वांत वर आला होता. तरीही अँटेनाच्या दोषामुळे तो घ्या अशी शिफारस आम्ही करू शकत नाही, असे त्यांनी जाहीर केले. तात्पुरता उपाय म्हणून फटीवर जाड चिकटपट्टी लावा, असेही सुचवले. शेकडो डॉलरच्या फोनला चिकटपट्टी! ही एक ओळ हजार तक्रारींपेक्षा जास्त झोंबली असावी. चारच दिवसांनी कंपनीने पत्रकार परिषद बोलावली.

आपल्याकडेही अशा संस्था आहेत. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आहे, आणि आपल्या बडोद्यापासून दोन तासांच्या अंतरावर अहमदाबादला ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्र १९७८ पासून आहे. दहावी-बारावीच्या सहलीत मॉल दाखवण्यापेक्षा अशा ठिकाणी मुलांना नेता आले तर विश्वस्त मंडळाने विचार करावा, असे आम्हांला वाटते.

१६ जुलैच्या त्या पत्रकार परिषदेत जॉब्ज म्हणाले की आम्ही परिपूर्ण नाही, फोनही परिपूर्ण नसतात. ३० सप्टेंबरपर्यंत प्रत्येक ग्राहकाला कव्हर मोफत मिळेल आणि ज्याला फोन नको असेल त्याला ३० दिवसांत पूर्ण पैसे परत, असे त्यांनी जाहीर केले. कंपनीच्या १० कोटी डॉलर खर्चून उभारलेल्या अँटेना-प्रयोगशाळेचीही माहिती दिली. त्याच बैठकीत इतर तीन कंपन्यांचे फोन मुठीत धरून त्यांच्याही काड्या कशा गळतात याची चित्रफीत दाखवली. त्या कंपन्या अर्थातच चिडल्या. वर्गात पकडले गेल्यावर "बाई, त्यानेपण केलंय" म्हणणारा मुलगा आपण सर्वांनी पाहिलेला आहे.

त्या दिवशी दिलेले आकडे मात्र विचार करण्यासारखे होते. अँटेनाबद्दल मदत-केंद्राला फोन करणारे ग्राहक फक्त ०.५५ टक्के. फोन परत करणारे १.७ टक्के, आधीच्या ३जीएसला हेच प्रमाण ६ टक्के होते. बोलणे तुटण्याचे प्रमाण ३जीएसपेक्षा जास्त, पण दर शंभर कॉलमागे एकाहून कमीने जास्त. यांवरून दोष नगण्य होता असे म्हणावे का? गणिताच्या तासाला हा प्रश्न जरूर घ्यावा. तोवर ३० लाखांहून अधिक फोन विकले गेले होते. ३० लाखांचे ०.५५ टक्के म्हणजे १६,५०० माणसे. शिवाय ज्याने गुपचूप कव्हर विकत घेतले, ज्याने उजव्या हाताची सवय लावून घेतली, किंवा ज्याला बोलणे तुटते ते मोबाइल कंपनीच्या टॉवरमुळे असे वाटले, त्यांतला कुणीच तक्रार करणाऱ्यांत मोजला गेला नाही. उलट बाजूही पाहिली पाहिजे. फोन परत करणारे कमी होते याचा अर्थ बहुतेकांना तो दोषासकट हवा होता. त्या वर्षी जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत अ‍ॅपलने १ कोटी ४१ लाख आयफोन विकले. ग्राहकही काही साधाभोळा नसतो. दहा गुणांसाठी एक दोष चालवून घ्यायचा की नाही, याचा हिशेब तो मनात करत असतो.

मोफत कव्हर देणे ही आमच्या मते अर्धी कबुली होती. पूर्ण कबुली पुढच्या रचनेत दिसली. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेत व्हेरिझॉन कंपनीसाठी आलेल्या आयफोन ४ मध्ये फटींची जागा आणि मांडणी बदलली होती. ऑक्टोबर २०११ च्या आयफोन ४एसमध्ये दोन अँटेनांपैकी ज्या वेळी जी चांगली चालेल ती फोन आपणच निवडू लागला. तोंडाने काय म्हटले ते राहू द्या, नव्या वस्तूत काय बदलले ते पाहा, म्हणजे दोष कुठे होता ते कळते. अमेरिकेत ग्राहकांनी मिळून केलेल्या दाव्यात फेब्रुवारी २०१२ मध्ये तडजोड झाली : प्रत्येकाला १५ डॉलर किंवा मोफत बंपर. शिंप्याच्या भाषेत सांगायचे, तर आखूड बाहीबद्दल एक बटण मिळाले!

येथे दोष त्रासदायक होता, जिवावर बेतणारा नव्हता. तो धोकादायक असतो तेव्हा हिशेब बदलतो. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी या बॅटरीबाबत इशारा दिला. जपानच्या मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज करताना तापण्याची शक्यता होती. अशा सुमारे १०० घटना कळल्या होत्या. तीच बॅटरी आपल्याकडच्या लाडक्या नोकिया ११०० मध्येही असे, त्यामुळे भारतातही सेवाकेंद्रांपुढे रांगा लागल्या. कंपनीने बॅटरीवरील २६ अक्षरांचा क्रमांक तपासून दोषी बॅटरी मोफत बदलून दिली. हा निर्मितीतला दोष होता, ठरावीक घाण्यापुरता. म्हणून क्रमांक पाहून निवाडा करता आला.

सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ ची गोष्ट अधिक अवघड आहे. १९ ऑगस्ट २०१६ ला विक्री सुरू झाली, काही फोन पेटले, आणि केवळ ३५ घटनांनंतर, २ सप्टेंबरला कंपनीने २५ लाख फोन बदलून देण्याची घोषणा केली. तसा धरू नका वगैरे काही नाही. तत्परता वाखाणण्यासारखी होती, पण निदान घाईचे झाले. एका पुरवठादाराच्या बॅटऱ्या वाईट आहेत असे समजून दुसऱ्याच्या बसवल्या, आणि ऑक्टोबरमध्ये बदलून दिलेले फोनही पेटू लागले. एका फोनमुळे अमेरिकेत उड्डाणापूर्वी विमान रिकामे करावे लागले. शेवटी उत्पादनच बंद झाले. जानेवारी २०१७ मध्ये अहवाल आला : पहिल्या बॅटरीच्या वरच्या कोपऱ्यात आतले थर दबून वाकत होते, तर दुसऱ्या बॅटरीत जोडकामाच्या वेळी धातूचे अणकुचीदार कंगोरे राहिले होते. दोन वेगळे आजार, लक्षण एकच. हे शोधायला २ लाख फोन आणि ३० हजार बॅटऱ्या तपासाव्या लागल्या. डॉक्टरांनी पहिल्या तापालाच औषध बदलले, पण रक्त तपासले नाही, असे काहीसे हे झाले.

पालकांसाठी थोडे व्यवहाराचे. आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तू चुकीची वापरल्यावर नव्हे, तर मुळात रचनेतच दोष असल्यामुळे नुकसान झाले, तरी उत्पादक जबाबदार ठरतो, हे या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. धोकादायक वस्तू बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार केंद्रीय प्राधिकरणाला दिला आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. परंतु तक्रार टिकते ती नोंदीवर. फोन वाईट आहे, एवढ्याने काही होत नाही. बिल जपून ठेवावे. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबली की फोनचा आयएमईआय क्रमांक दिसतो, तो लिहून ठेवावा. बिघाड केव्हा होतो, काय करत असताना होतो, कव्हर काढल्यावर होतो का, तोच फोन दुसऱ्याने धरला तर होतो का, हे तारीखवार लिहावे. सेवाकेंद्रात फोन देताना पावतीवर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. शाळेसाठी संगणक वा प्रोजेक्टर घेतल्यावर अशीच एक नोंदवही प्रयोगशाळेत असावी, ही विश्वस्तांना विनंती.

आता मुलांसाठी प्रयोग. घरच्या मोठ्यांची परवानगी घेऊन, बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील फोनविषयीच्या माहितीत सिमची स्थिती पाहा. तिथे रेंज डीबीएममध्ये दिसते. ४जीमधले माप वेगळ्या पद्धतीचे असते, त्यामुळे हे आकडे वर दिलेल्या २०१० च्या आकड्यांशी ताडू नका, आपसांतच ताडा. फोन लाकडी टेबलावर ठेवून अर्धा मिनिट थांबा आणि आकडा लिहा. मग डाव्या हातात, मग उजव्या, मग दोन्ही हातांच्या घट्ट मुठीत, मग झाकण नसलेल्या मोठ्या स्टीलच्या डब्यात पडदा वर करून. प्रत्येक प्रकारचे पाच आकडे घेऊन सरासरी काढा. मध्येच ४जीचे ५जी झाले तर तो आकडा खोडा. कव्हर काढून तेच पुन्हा करा. एकाच फोनचे आकडे घराच्या खिडकीजवळ आणि मधल्या खोलीत वेगळे येतील. दोन्ही नोंदवा, आणि काड्या किती दिसल्या तेही शेजारी लिहा. तक्ते विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्यावेत.